अकोल्याची बाटली

खोली भाड्याने हवी असेल तर तीन गोष्टी घेऊन या, असं घरमालकांनी मला फोनवरच बजावलं होतं. आधार कार्डाची झेरॉक्स, शाळेचं नेमणूकपत्र आणि तुमच्या घरच्या नळाचं बाटलीभर पाणी. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी हसलो. पलीकडे कोणी हसलं नाही. "फिल्टरचं आणसान तर ओळखीन मी," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी सांगलीकडचा. कारंज्याच्या एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा दोन रेल्वेगाड्या आणि एक एसटी बदलून, पिशवीतली बाटली सांभाळत तिथे पोचलो. वाटेत घसा कोरडा पडला तरी त्या बाटलीला हात लावला नाही. नोकरी मिळाली होती, खोली अजून मिळायची होती. खाली त्यांचं किराणा दुकान, वर दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात विहीर. दुकानाच्या गादीवर पांढरा लेंगा-सदरा घातलेले, चष्मा कपाळावर चढवलेले काका बसले होते आणि माझ्याकडे न बघता माझ्या पिशवीकडे बघत होते. त्यांनी पाणी जाड फडक्यातून गाळलं, घोटभर तोंडात घेतलं, डोळे मिटले, आधी उजवा गाल फुगवला, मग डावा, आणि गिळलं.

"नदीचं हाय," ते म्हणाले. "मऊ हाय. साबण कमी लागत असन तुमाले. वरची खोली तुमची."

आधार कार्ड त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

काका जैन. घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी पीत नसे, आणि सूर्य मावळला की काकांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नसे. यात नवल काही नाही, कारंज्यात अशी पुष्कळ घरं आहेत. नवल होतं ते दुकानातल्या फळीवर. तूरडाळीच्या पोत्यांमागे, जिथे दुसरा दुकानदार तेलाच्या पिशव्या रचेल, तिथे काकांनी अख्ख्या महाराष्ट्राचं नळाचं पाणी रचून ठेवलं होतं. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. नाशिक. चंद्रपूर. जळगाव. कोल्हापूर. मुंबई. पुण्याच्या दोन होत्या, एक कोथरूडची आणि एक हडपसरची, कारण काकांच्या मते एका गावात एकच पाणी असतं असं समजणारा माणूस घराबाहेर पडलेला नसतो. ते स्वतः वाशिम जिल्ह्याच्या बाहेर फारसे गेले नव्हते. पण बारा गावचं पाणी प्यालेला माणूस म्हणतात तो मी प्रत्यक्ष पाहिला तो त्या गादीवर.

बाटल्या आणत कोण? सगळं कारंजा. कोणी परीक्षेला निघालं, कोणी दवाखान्यात, कोणी लग्नाला, की काका दुकानातून हाक मारत आणि रिकामी बाटली हातात ठेवत. नवं लग्न झालेलं एक जोडपं महाबळेश्वरला निघालं तर त्यांनाही सोडलं नाही. नवरा लाजून चूर झाला, पण बाटली घेऊन आला. सोबत फोटो किती आणले कुणी विचारलं नाही, पाण्याला फेस किती आला ते अर्ध्या बाजाराला ठाऊक होतं.

काकांच्या परीक्षा तीन. पहिली साबणाची: बाटलीत साबणाचा किस टाकायचा, हलवायची आणि फेस बोटांनी मोजायचा. जड पाण्याला फेस येत नाही, नुसता पांढरा गाळ तरंगतो. दुसरी डाळीची: मूठभर तूरडाळ, लहान पातेलं, झाकण नाही. जड पाण्यात डाळ हट्टी पोरासारखी बसून राहते. तिसरी जिभेची, आणि ती झाल्यावर अपील नाही. पण हे सगळं उरकायचं अठ्ठेचाळीस मिनिटांत, कारण गाळलेलं पाणी तेवढाच वेळ चालतं, मग पुन्हा गाळायला हवं, असा त्यांचा नियम. त्यासाठी मुलीच्या लॅबमधला एक टायमर त्यांनी घरी आणला होता. तो किंचाळायला लागला की काका पातेल्याकडे धावत, काकू गॅसकडे धावत आणि दुकानात गिऱ्हाईक एकटंच उभं राही.

"आमच्या घरी सण कमी अन् पाण्याच्या परीक्षा जास्त," काकू म्हणत. "दहावीले पोरगी बसली नसन एवढ्या वेळा ह्यांचं पाणी बसलं."

आणि खरी गंमत त्यानंतरची. पाणी गाळलं की फडक्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते फडकं गाळलेल्या पाण्याने उलटं धुवायचं आणि ते धुवण, म्हणजे जिवाणी, जिथून पाणी आणलं तिथेच परत सोडायची, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. ज्या जिवाचं घर जिथे, तिथे त्याला पोचवायचं. विहिरीचं पाणी असलं तर सोपं आहे. बुडाला कडी असलेली बादली अलगद खाली सोडून पाण्यावर उलटी करायची. पण नाशिकच्या नळाची जिवाणी कुठे सोडणार? काकांनी उत्तर शोधलं होतं. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा होता, कुठलं शहर कुठल्या धरणाचं पाणी पितं त्याचा. बाटली आणणाऱ्याने पुढच्या खेपेला जिवाणी घेऊन जायची, आणि तीही थेट धरणावर. पुण्यात शिकणारा आमच्या गल्लीतला एक मुलगा दर सत्राला एकदा खडकवासल्याला जाई आणि घरचे समजत, पोराला निसर्गाची आवड आहे. मी नाशिकला प्रशिक्षणाला गेलो तेव्हा अर्धा दिवस खर्चून गंगापूर धरण गाठलं. बरोबरचे शिक्षक देवदर्शन करून आले. मी काठावर उकिडवा बसून चमचाभर पाणी पाण्यात सोडलं आणि काकांनी पढवल्याप्रमाणे म्हणालो, "सुखानं राहा." ते म्हटल्याशिवाय जिवाणी सोडली असं धरत नसत. काका स्वतः रोज विहिरीत बादली सोडताना वाकून, अगदी कानात सांगावं तसं म्हणत, "सुखानं राहा."

मी विज्ञानाचा मास्तर. हे सगळं मुकाट्याने बघत बसणं माझ्या पेशाला शोभेना. एकदा मी पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं मीटर मागवलं आणि काकांना आव्हान दिलं. सहा पेले, सहा गावांचं पाणी, चिठ्ठ्या उलट्या. मीटरने सहा आकडे दाखवले. काकांनी गावं सांगितली. पाच बरोबर आली. सहाव्याला ते म्हणाले, "हे जळगावचं नाई. जळगावच्या बाटलीत तुमी घरचंच पाणी भरलं." काकूंनी कबुली दिली, फळी पुसताना ती बाटली सांडली होती आणि त्यांनी विहिरीच्या पाण्याने भरून ठेवली होती.

"तुमची मशीन आकडा सांगते, मास्तर. गाव नाई सांगत," काका म्हणाले. मी मीटर खिशात घातलं. हरलेल्या माणसाने लवकर जिन्याकडे वळावं हे बरं.

त्यांना जिंकणारं माणूस घरातच होतं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रांजल. ती गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची. बापाला ‘बाबा’ म्हणायची, बाप तिला ‘बाई’ म्हणायचा, आणि दोघांचं दिवसातून तीनदा वाजायचं. तिने एकदा काकांना लॅबमध्ये नेऊन विहिरीच्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला. काकांनी डोळा लावला, आत काहीतरी वळवळताना दिसलं, आणि काकांनी तिथल्या तिथे हात जोडले. "एवढे दिवस नुसता इश्वास होता. आज दर्शन झालं," म्हणाले. लॅबच्या डॉक्टरांना हसू आवरेना.

पण एका पावसाळ्यात तिने त्यांना धक्काही दिला. आमच्या शाळेत गावोगावचं पाणी तपासायच्या लहान बाटल्या आल्या होत्या. त्यात पाणी भरून ठेवायचं. दूषित असलं की ते काळं पडतं. काकांनी जिभेवर घोळवून "अमृत हाय, अमृत" म्हटलेलं एक पाणी प्रांजलने त्यात भरून ठेवलं. दोन दिवसांनी ते शाईसारखं काळं झालं.

"गोड असलं म्हणजे चांगलं असतं असं नाही, बाबा," ती म्हणाली. "गाळा, उकळा, मग काय ती चव घ्या."

दोन दिवस काका दुकानात असून नसल्यासारखे होते. साखर मागितली तर मीठ देत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीत नवा रकाना आखला. चवीच्या शेजारी लिहिलं, ‘बाईचा रिपोर्ट’. त्यानंतर तिने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय थेंब तोंडात घेतला नाही. हट्टी माणसं पुष्कळ पाहिली, पण चूक कळल्यावर रकाना वाढवणारा हट्टी माणूस मी तेवढा एकच पाहिला.

हे वेड कुठून आलं ते मला काकूंनी सांगितलं. काकांची मोठी बहीण अकोल्याच्या पलीकडे पूर्णा नदीकाठच्या एका गावी दिली होती. तो सगळा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी मिठासारखं खारं. ताईचे केस गेले, दात गेले, मग किडन्या गेल्या आणि चाळिशीच्या आत ताईही गेली. डॉक्टरांनी कारणं दोन-तीन सांगितली होती. काकांनी त्यातलं एकच ऐकलं. दर राखीला ते तिच्याकडे जात, आणि ती पाण्याचा तांब्या पुढे करताना म्हणे, "चहाच घे, पाणी नको पिऊ." ती गेल्यापासून त्या दिशेला तोंड करून ते जेवतसुद्धा नसत.

आता प्रांजल लग्नाची झाली. स्थळं येऊ लागली आणि काकांचा नियम तयारच होता. पत्रिका नको, फोटो नको, आधी घरच्या नळाची बाटली पाठवा. लोक चकित होत, काही रागावत, पण बहुतेक पाठवत. एक स्थळ साबणात गेलं. एक डाळीत गेलं. एका मुलाकडच्यांनी बाजारातली सीलबंद बाटली पाठवली. काकांनी ती सील न तोडता परत केली. शेवटी नागपूरचं एक पाणी तिन्ही परीक्षांत पहिल्या नंबराने पास झालं, बाईच्या रिपोर्टातही पास झालं, आणि काकांना आनंद मावेना.

"बाबा, मुलगा पाह्यला का?" प्रांजलने विचारलं.

"पाणी पाह्यलं ना! मुलाचं काय पाह्यायचं?"

"मला त्या पाण्याशी लग्न नाही करायचं. माझं ठरलंय. अमरावतीला कोर्सला माझ्यासोबत होता तो. आपल्यातलाच आहे. अकोल्याचा आहे."

अकोला म्हटल्याबरोबर काकांच्या हातातलं माप खाली आलं. काकू दारातच थांबल्या. मी डाळ घ्यायला आलो होतो, पोत्याआड झालो. काकांनी माप उचलून पोत्यात खोचलं. मग म्हणाले, "नियम सगळ्याइले एकच. बाटली आणा. पण उद्या मावळतीच्या आत. परवा सकाळी नागपूरले होकार कळवाचा हाय."

त्या संध्याकाळी प्रांजल जिना चढून माझ्याकडे आली. मुलाचं घर अकोल्याच्या टोकाला, नव्या वस्तीत. तिथे अजून पालिकेचा नळ नव्हता, इमारतीच्या बोअरचं पाणी होतं, आणि ते खारट होतं. प्यायचं पाणी तो आत्याच्या घरून, धरणाचं, कॅन भरून स्कूटरवर आणत असे. "सर, तुम्ही जा. आत्याच्या नळाची बाटली आणा. तेही अकोल्याचंच पाणी आहे ना? खोटं कुठे आहे त्यात?" तिचे डोळे भरले होते. मी शाळेत रजा टाकली. खोटं कुठे होतं ते मलाही दिसत होतं आणि तिलाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या स्टँडवर तो मुलगा मला घ्यायला आला. मला वाटलं होतं, कोणी चलाख हिरो असेल. हा बारीक, चष्म्याचा, बोलताना स्वतःचंच बोट धरून ठेवणारा. आत्याच्या घरी नेऊन त्याने मला लाल झाकणाची बाटली भरू दिली. मग स्वतःच्या घरून निळ्या झाकणाची दुसरी आणून माझ्या हातात दिली.

"सर, हे आमच्या बोअरचं हाय. हेच द्या काकाले," तो म्हणाला. "उद्या तिले इथीसा राहाचं हाय. आज गोड पाजलं तर उद्या ते माह्या तोंडाकडे कसं पाहातीन?"

मी दोन्ही बाटल्या थैलीत टाकल्या. एसटी सुटली आणि मी मनाशी पक्कं केलं की लाल द्यायची. प्रामाणिकपणा चांगला, पण तो लग्न झाल्यावर.

एप्रिलचं ऊन. माझ्या शेजारी इंझोरीला जाणारी एक आजी बसली होती, मांडीवर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. मूर्तिजापूर यायच्या आधी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा आजी लाल बाटली उलटी करून शेवटचे थेंब पदरावर शिंपडत होती.

"तुमी झोपले होते म्हून उठोलं नाई, बापू," ती म्हणाली. "लय गोड पाणी हाय. कुठलं हाय? अन् ते निळ्या झाकणाचं काहून ठेवलं? घोट घेतला तं थू! ते फेकून द्या बरं."

चव तपासणारी आणि निकाल देणारी आमच्या भागात किती माणसं आहेत ते मला त्या दिवशी कळलं. पुढचे दीड तास मी खिडकीतून सूर्याकडे बघत होतो. परत फिरायला वेळ नव्हता. कारंज्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन केशरी झालं होतं. पळत पळत घराच्या मागल्या दाराने अंगणात शिरलो. तिथे विहिरीच्या मोटारीवर चालणारा एक नळ होता. इकडेतिकडे पाहिलं, लाल बाटली त्या नळाखाली धरली, भरली, पुन्हा मागल्या दाराने बाहेर पडलो आणि पुढल्या दाराने धापा टाकत आत आलो. विज्ञानाच्या शिक्षकाने आयुष्यात एवढा हलकटपणा एकदाच करावा.

"आले का? या, या! सूर्य कडुलिंबावर आला," काका ओरडले. प्रांजलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिला वाटलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

"रिपोर्ट?" काकूंनी विचारलं.

"त्याले दोन दिवस लागतात. आज घोटभर मी घेतो. बाईसाठी येवढं चालते."

पाणी गाळलं, टायमर लागला. साबणाचा फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत आला. काकूंनी टाळी वाजवली. डाळ उकळी फुटल्या फुटल्या मऊ झाली. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं सामान विसरून आत येऊन उभी राहिली. मी थैली पायामागे सरकवली. काकांनी पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले, उजवा गाल फुगवला. डावा फुगवलाच नाही. पेला खाली ठेवला. मग डोळे उघडून आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर मुलीकडे बराच वेळ.

"पाणी गोड हाय," ते म्हणाले. "लय गोड हाय."

काकूंनी माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. प्रांजल हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. गिऱ्हाइकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. या गोंधळात काकांनी जिवाणीची वाटी उचलली. अकोल्याची जिवाणी, ती आता पुन्हा मलाच न्यावी लागणार म्हणून मी हात पुढे केला.

"मास्तर, चला संग," ते म्हणाले आणि मागच्या अंगणात गेले.

विहिरीच्या काठाशी ते थांबले. त्यांनी जिवाणी कडीवाल्या बादलीत ओतली, बादली अलगद खाली सोडली, दोर हलवून ती पाण्यावर उलटी केली आणि वाकून म्हणाले, "सुखानं राहा."

माझ्या तोंडातला गूळ तिथेच राहिला. जिवाणी जिथली तिथे सोडतात. काका ती चुकीच्या पाण्यात कधीच सोडणार नाहीत, हे सगळ्या कारंज्याला माहीत होतं.

"सत्तर वरसं पेऊन राह्यलो ही विहीर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "थैलीत दुसरी बाटली वाजून राह्यली. काढा. सूर्य हाय अजून बोटभर."

मी निळी बाटली दिली. त्या घाईतही त्यांनी ती गाळली, सदऱ्याच्या खिशातल्या फडक्यातून, आणि फडकं धुऊन जिवाणी लोट्यात धरली. मगच घोट घेतला. थुंकले नाहीत. गिळला, आणि विहिरीच्या काठावर खाली बसले.

"ताईच्या घरचं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"काका, चूक माझी आहे. त्या मुलाची नाही."

"ताईसाठी घर पाह्याले गेलो तवा मी बारा वरसाचा होतो. तिच्या सासरच्याइनं आमाले पाणी देल्लं. गोड होतं. बाबा म्हणाले, वा! मागून समजलं, दोन कोसावरून बैलगाडीनं पाण्याचे टिपं भरून आणून ठेवले होते आमच्यासाठी." त्यांनी निळं झाकण घट्ट लावलं. "ते पाणी मीबी पेलो होतो, मास्तर. वा म्हणालो होतो."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं. त्यांच्या शेजारी खाली बसलो. मी सगळं सांगितलं: आत्याचा नळ, कॅन, स्कूटर, एसटीतली आजी, मागचं दार. काकांनी आजीच्या निकालावर मान डोलावली, बाकीच्यावर नाही.

"पोरगा काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"पुना सांगा."

आज गोड पाजलं तर उद्या ते माह्या तोंडाकडे कसं पाहातीन. मी ते तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी सूर्य गेला होता. काका उठले, लोट्यावर फडकं बांधलं, नाक शिंकरलं आणि एकदम नेहमीच्या आवाजात ओरडले, "बाई! नागपूरले फोन लाव. म्हणा, पाणी तुमचं लय चांगलं हाय. पण आमची पोरगी खारं पेणार हाय!"

आत काकूंच्या हातून काहीतरी पितळी खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघं अकोल्याला निघालो. हे काम इतर कुणावर सोपवायला काका तयार नव्हते. लोटा माझ्या मांडीवर होता. "तुमी घोळ घातला, तुमीच सांभाळा. थेंब सांडला तं वरची खोली खाली करून देजा," अशी तंबी होती. प्रत्येक खड्ड्याला मी लोट्यासकट हवेत उचलला जात होतो आणि काका खिदळत होते. कंडक्टरने विचारलं, यात काय? काका म्हणाले, "पाहुणे हाय. घरी सोडाले चाललो." ज्या दिशेला तोंड करून हा माणूस जेवत नव्हता, त्या दिशेला तो सगळ्यात पुढच्या सीटवर बसून गाणं गुणगुणत निघाला होता.

इमारतीच्या आवारात पंचाईत झाली. बोअरला लोखंडी झाकण, झाकणाला गंजलेले नट. सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर धावत आले. "ओ काका, बोअरमदे काय टाकता?"

"टाकत नाई. तुमचंच हाय, वापस करून राह्यलो," काका म्हणाले.

मुलगा वरून चष्मा सावरत उतरला. काकांना पाहून त्याचा रंग उडाला. काय चाललंय ते त्याला मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने काही विचारलं नाही. स्कूटरच्या डिकीतून पान्हा काढला आणि गुडघ्यांवर बसून एकेक नट सोडवू लागला. काका त्याच्या हातांकडे बघत उभे होते. दोन नट आले, तिसरा अडला. काकांनी खिशातून खोबरेल तेलाची लहान डबी काढून पुढे केली. ती त्यांनी कारंज्याहूनच आणली होती.

झाकण निघालं. काकांनी लोट्याचं फडकं सोडलं, लांब दोरीला लोटा बांधला आणि त्या अंधाऱ्या भोकात अलगद खाली सोडला. सेक्रेटरींनीही नकळत हात जोडले. दोरी संपत आली तसं त्यांनी ती हलवली, लोटा उलटा केला आणि वाकून म्हणाले, "सुखानं राहा."

रिकामा लोटा वर आला. मुलाने झाकण लावायला उचललं, तर काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. पुन्हा वाकले, तोंड अगदी बोअरच्या काठाशी नेलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "सुखानं राहा, बाई."